वादळाच्या डोळ्यात शिरलेलं विमान

श्रोतेहो, नमस्कार. वादळ येतंय म्हटलं की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. आजची गोष्ट आहे ती त्याच वादळात आपणहून शिरणाऱ्यांची.

साल १९४३, महायुद्धाचे दिवस. मेक्सिकोच्या आखातात जर्मन पाणबुड्या, म्हणून जहाजांनी बिनतारी संदेश बंद ठेवलेले. जहाजं गप्प. म्हणजे समुद्रात काय शिजतंय हे सांगणारं कुणी नाही. अशात २७ जुलैला टेक्सासच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ चालून आलं.

तिथे ब्रायन गावच्या तळावर कर्नल जोसेफ डकवर्थ ब्रिटिश वैमानिकांना शिकवत होते. बाहेर काही दिसत नसताना नुसत्या काट्यांवर नजर ठेवून विमान कसं हाकायचं, हे शिकवणं. वादळामुळे सरावाची विमानं दुसरीकडे हलवणार म्हटल्यावर वैमानिकांनी थट्टा सुरू केली, वाऱ्याला भिणारी कसली ही विमानं! डकवर्थनी पैज मारली, याच विमानातून वादळात जाऊन येतो. एका इंजिनाचं टेक्सन विमान, मागे दिशादर्शक राल्फ ओ'हेअर. वरिष्ठांना विचारलंसुद्धा नाही.

आत अंधार, मुसळधार पाऊस, हिसक्यांवर हिसके. आणि एकाएकी लख्ख उजेड! ताक घुसळताना रवीभोवती खळगा पडतो ना, तसा वादळाचा मध्य. भोवती ढगांची भिंत, खाली जमीन दिसतेय. तोच वादळाचा डोळा.

दोघं सुखरूप परतले. तळावरचे हवामान अधिकारी विल्यम जोन्स-बर्डिक म्हणाले, मलाही न्या. ओ'हेअर उतरले, हे चढले, आणि डकवर्थ पुन्हा वादळात. एका दिवसात दोनदा, श्रोतेहो, दोनदा!

शत्रूला कळू नये म्हणून त्या वादळाच्या बातम्याही दाबल्या होत्या. १९ माणसं गेली. आपल्याकडे उठसूट वेधशाळेची टिंगल होते, मला ते मुळीच आवडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा आधी इशारा होता म्हणूनच हजारो माणसं वेळेत हलवता आली.

पुढच्याच वर्षी, १९४४ मध्ये, अमेरिकी सैन्याने हवामान टेहळणीची खास तुकडी उभारली. अटलांटिकवरून युरोपला जाणाऱ्या विमानांच्या वाटेवरचं हवामान पाहणं हे तिचं पहिलं काम. तीच आजची ५३ वी तुकडी. मिसिसिपीच्या कीस्लर तळावरून तिची चार इंजिनांची विमानं आजही वादळाच्या डोळ्यात शिरतात आणि छोट्या पॅराशूटला बांधलेली नळी खाली सोडतात. समुद्राला टेकेपर्यंत ती हवेचा दाब, वारा, तापमान, ओलावा विमानाला कळवत राहते.

नमस्कार.