भाड्याच्या खोलीचा उंबरठा

(लातूर इथे विद्यार्थी, पालक आणि घरमालकांसमोर एका वकील बाईंनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर लेकरांना क्लाससाठी लातुरात ठेवलेले आईवडील आहेत, स्वतः खोली करून राहणारी मुलंमुली आहेत, आणि चार-दोन घरमालकही दिसताहेत. ते आले हे फार बरं झालं. त्यांच्याही कामाचं बरंच आहे यात.

दहावीचा निकाल लागला की उदगीर, अहमदपूर, निलंगा, गंगाखेड, कंधारहून माणसं इथं खोली शोधत येतात. भाडं किती, डिपॉझिट किती, पाणी कितव्या दिवशी येतं, मेस जवळ आहे का, सगळं विचारतात. खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे राहणार, एवढं मात्र विचारत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारी त्या दुसऱ्या किल्लीपासून सुरू होतात.

नर्सिंगला असलेल्या एका मुलीचं सांगते. तिची ओळख पटेल असं काही सांगणार नाही. घरमालक वयस्कर, घरात सुना-नातवंडं, वडिलांच्या ओळखीतले. त्यांना मामा म्हणायचं हे सामान उतरवतानाच ठरलं. थोड्याच दिवसांत मामा कधी नळ गळतोय का बघायला, कधी पंखा चालू राहिलाय का बघायला, ती नसताना खोली उघडू लागले. मग ती असतानाही कडी न वाजवता आत. "दार लावून काय करायलीस गं?" एकदा ती ड्यूटीवरून आली तर दोरीवरचे तिचे कपडे घड्या घालून गादीवर ठेवलेले. तिनं आईला फोन केला. आई म्हणाली, "बापासारखा माणूस आहे, उगं वाद नको घालू. एवढ्या ओळखीनं खोली मिळालीय." त्या रात्रीपासून ती मुलगी दाराला आतून खुर्ची लावून झोपू लागली.

कपड्यांच्या घड्या घातल्या यात गुन्हा काय, असं कोणीही म्हणेल. त्या आईनंही वाईट हेतूनं काही म्हटलं नाही. पण लेकरू दाराला खुर्ची लावून झोपतंय म्हणजे त्या खोलीत काहीतरी फार चुकतंय, हे आपल्याला कळलं पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे, की घर मालकाचं असलं तरी भाड्यानं दिल्यावर त्या उंबरठ्याच्या आत यायला विचारावं लागतं. ही मेहेरबानी नाही, हा कायदा आहे.

आपल्याकडचा कायदा आहे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी मराठवाड्यात १९५४ चा हैदराबाद संस्थानातल्या भागासाठीचा घरभाडे कायदा चालायचा. जुनी माणसं अजून त्याच्याच गोष्टी सांगतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. नव्या कायद्याचं कलम २८ दोन ओळींचं आहे. घरमालकाला जागेची पाहणी करायचा अधिकार आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. आणि त्यात नुसता भाडेकरू नाही, लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवानगीवर, राहणाराही धरलेला आहे. म्हणजे मामांना नळ बघायचाच होता तर त्यांनी आदल्या दिवशी सांगायचं होतं, "उद्या संध्याकाळी प्लंबर आणतो, तू आहेस ना?" इतकं सोपं आहे ते.

मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "माझ्याच घरात जायला मला परवानगी?" हो, लागते. फौजदारी कायदाही इथं मालकी बघत नाही, ताबा बघतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३२९ प्रमाणे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करायच्या, धमकवायच्या, अपमान करायच्या किंवा त्रास द्यायच्या इराद्यानं शिरणं हा अतिक्रमणाचा गुन्हा आहे. सातबारा किंवा पीआर कार्ड कोणाच्या नावावर आहे यानं तो माफ होत नाही. बाईला खाजगी क्षणी चोरून बघणं, तिचं चित्रीकरण करणं हे कलम ७७ मध्ये येतं. नको म्हटल्यावरही तिच्या मागं लागणं कलम ७८ मध्ये. पोलीस ठाण्यात कधीकधी सांगतात, "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." भाड्याचा हिशोब दिवाणी आहे, खरं आहे. बाथरूमच्या झडपेतून डोकावणं दिवाणी नाही. तिथं हटायचं नाही, तक्रार लिहूनच द्यायची.

पण बहुतेक प्रकरणं तिथवर जायच्या आधी थांबवता येतात, आणि थांबवण्याची वेळ पहिल्या-दुसऱ्या खेपेची असते. त्या मुलीला आम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज लिहायला सांगितला. तो तिच्या परवानगीनं वाचते: "मामा, नमस्कार. काल दुपारी मी ड्यूटीवर असताना माझी खोली उघडली होती. इथून पुढं खोलीत काही काम असेल तर आदल्या दिवशी सांगा, मी थांबेन. मी नसताना खोली उघडू नका. भाडं दर महिन्याला ५ तारखेच्या आत येईलच." बस. शिवी नाही, आरोप नाही, कायद्याचं कलम नाही. तारीख आहे, झालेली गोष्ट आहे आणि पुढं काय हवं ते आहे. शेवटची भाड्याची ओळ मी मुद्दाम घालायला लावली. माणूस चिडला की पहिल्यांदा म्हणतो, ही भाडं देत नाही. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही, पण खोली उघडणं बंद झालं. प्रत्येक ठिकाणी असं होईलच असं मी सांगणार नाही. नाही झालं तरी तो मेसेज पुढं पुरावा म्हणून कामाला येतो. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

त्याच कारणानं भाडं रोख देऊ नका, यूपीआयनं द्या. रोख दिलंत तर पावती घ्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे पावती देणं मालकावर बंधनकारक आहे.

आता पाणी. लातूरकरांना पाण्याबद्दल मी काय सांगू? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आपण सगळे घागरी घेऊन उभे होतो. म्हणून आपल्याकडं मालक-भाडेकरूचं भांडण पुण्या-मुंबईसारखं पार्किंगवरून होत नाही, व्हॉल्व्हवरून होतं. भाडं वाढवून दिलं नाही, पाहुणे जास्त आले, तोंड वर करून बोलली, की वरच्या मजल्याचा व्हॉल्व्ह बंद. कलम २९ सांगतं, घरमालकानं योग्य आणि पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई अशा आवश्यक सेवा तोडायच्या नाहीत. न्यायालय त्या परत सुरू करायचा आदेश देऊ शकतं, आणि दोष सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

"पुरेसं कारण" हे शब्द आपल्या भागात फार महत्त्वाचे आहेत. महापालिकेचंच पाणी आलं नाही, बोअर आटला, तर मालकाला दोष देता येणार नाही. तोही टँकरच्या रांगेतच असतो. पण खालच्या हौदात पाणी आहे, मालकाच्या नळाला येतंय आणि फक्त तुमच्या नळाला नाही, तर ते कारण नाही, ती शिक्षा आहे. अशा वेळी एकाच दिवशी, एकाच वेळी दोन्ही नळांचा व्हिडिओ काढून ठेवा. सबमीटर असेल तर दर महिन्याच्या रीडिंगचा फोटोही.

कराराबद्दल पालकांनी आणि मालकांनी दोघांनी ऐकावं. आपल्याकडं अकरा महिन्यांचा कागद नोटरी करून कपाटात ठेवतात आणि काम झालं समजतात. कलम ५५ म्हणतं, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय असा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे "कागद केला की भाडेकरू घर बळकावतो" ही जी भीती आहे, ती बरोबर उलटी आहे. लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी असेल तर मुदत संपल्यावर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडून जागा परत मिळते, आणि न सोडणाऱ्याकडून दुप्पट शुल्क घेता येतं. विधवा बाई दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवते, तिनं तर हे आधी करावं. आणि त्याच करारात एक ओळ घाला: दुसरी किल्ली कोणाकडे, आणि ती कधी वापरायची. गेट किती वाजता बंद होणार, पाहुणा किती दिवस राहणार, हेही तिथंच लिहा. नंतर जिन्यात उभं राहून नियम करायचे नाहीत.

कोणी सामान बाहेर फेकून कुलूप घातलं तर? निकालाशिवाय असं काढता येत नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा लावता येतो, आणि समोरचा खुद्द मालक असला तरी. सहा महिने लक्षात ठेवा. माणसं समेटाच्या आशेवर ते घालवून बसतात.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असतं, तालुक्याला तालुका समिती असते. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००. दाराबाहेर कोणी उभं आहे आणि भीती वाटतेय, तर आधी ११२.

मागच्या रांगेतून एका ताईंची चिठ्ठी आली आहे: "मुलीनं तक्रार केली तर वर्षाच्या मध्येच खोली जाईल, मग?" ताई, जाऊ शकते. करारात मुदत लिहिलेली असेल तर सहजासहजी जात नाही, पण त्या घरात राहावंसं वाटणार नाही हेही खरं. म्हणून आजच घरी गेल्यावर तिला एवढं विचारा, की खोलीची दुसरी किल्ली कोणाकडे आहे. ती थोडी थांबून उत्तर द्यायला लागली, तर परीक्षा जवळ आली आहे म्हणून टाळू नका. उद्याच्या गाडीनं इकडं या, तिच्यासोबत बसून तो मेसेज लिहा, आणि तोवर आतून लावायची कडी बसवून द्या. सुताराला दहा मिनिटं लागतात.