बटण दाबल्यावर काय होतं

पायी रस्ता ओलांडायच्या सिग्नलच्या खांबावरची पेटी. बोट बटणावर टेकतं, पेटीवर बारीकसा दिवा लागतो. समोरच्या दिव्यातला लाल माणूस मात्र तसाच उभा, आणि गाड्या धावतच असतात.

बटण बिघडलंय असं इथंच पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तुमची मागणी नोंदली गेलेली असते. वाहनांना ठरलेला किमान वेळ हिरवा मिळाला, की तुमची पाळी. बटण दहा वेळा दाबलं तरी नोंद एकच.

वाहनांना आधी पिवळा, मग लाल. त्यानंतरही क्षणभर दोन्हीकडे लालच राहतो. पिवळ्यावर निसटलेली शेवटची गाडी तेवढ्यात पुढे जाते.

आता हिरवा माणूस. ब्रिटनमधल्या कित्येक पेट्यांच्या तळाशी याच वेळी एक छोटा खाचदार शंकू फिरू लागतो. ज्याला दिसत नाही, तो बोटाच्या टोकानं ओळखतो, निघायची वेळ झाली.

थोड्याच वेळात हिरवा माणूस लुकलुकू लागतो; काही देशांत त्याऐवजी नारिंगी हात लुकलुकतो. कडेला असाल तर उतरू नका. रस्त्यात असाल तर घाबरून मागे फिरू नका, पलीकडे जा. तो वेळ तुमच्यासाठीच राखलेला असतो.

किती राखायचा? चालण्याचा वेग बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. म्हणजे १२ मीटर रुंद रस्त्याला १० सेकंद. पण काठी टेकत निघालेल्या आजी सेकंदाला ०.८ मीटरच चालत असतील, तर १० सेकंदांनंतरही त्यांचे ४ मीटर उरतात. माझ्या मते हा सगळा विषय त्या ४ मीटरचा आहे.

ब्रिटनमध्ये १९६९ साली आलेल्या ‘पेलिकन’ क्रॉसिंगवर वाहनांना लुकलुकता पिवळा दिसतो: रस्त्यात कुणी असेल तर थांबा, नसेल तरच निघा. निर्णय चालकावर. नंतर आलेल्या ‘पफिन’ क्रॉसिंगवर खांबावरचे सेन्सर रस्त्यावरचा माणूस टिपतात आणि तो पार होईपर्यंत, ठरावीक मर्यादेत, वाहनांचा लाल लांबवतात.

चालकांनो, एवढं बघा. शेजारच्या लेनमधली गाडी क्रॉसिंगपाशी थांबली आहे. तुमची लेन मोकळी दिसते. पण त्या गाडीच्या आडोशाला आजी आहेत, तुम्हाला न दिसणाऱ्या. स्टॉपलाइनवरच थांबा.

काठी आधी पदपथावर टेकते. मग एक पाय. मग दुसरा.

आता गिअर टाका.