'पुट अप विथ': कोण कुणाचं सोसतं?

(पडद्यावर वर्गातला फळा. खडू धरलेला हात एक वाक्य लिहितो आहे: 'आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल.')

हे वाक्य माझ्या वर्गातल्या एका मुलाचं. सांगलीहून पुण्याला शिकायला आलेला, मामांकडे राहणारा. नोकरीचा अर्ज तपासायला घेऊन आला, त्यात पत्त्याच्या खाली हे लिहिलेलं. त्याला म्हणायचं होतं, सध्या मी मामांकडे उतरलोय. लंडनमधल्या माणसाने हेच वाचलं असतं, तर त्याला कळलं असतं: सध्या मी मामांना कसंबसं सहन करतोय.

मुलगा चांगलाच वरमला. पण चूक त्याच्या एकट्याची नाही. 'व्हेअर आर यू पुटिंग अप?' हा प्रश्न आपल्याकडे कॉलेजात, हॉस्टेलवर, लग्नघरात सर्रास विचारतात. घोडागाडीच्या काळात इंग्लंडातले प्रवासीसुद्धा रात्रीपुरते सराईमध्ये 'पुट अप' करत, त्यांच्या घोड्यांचीही तिथेच सोय होई. तो जुना अर्थ आपण जपून ठेवला. घोळ होतो तो पुढच्या एका शब्दाने. 'आय पुट अप माय अंकल', म्हणजे मामांना मी माझ्या घरी ठेवून घेतलं. 'आय पुट अप विथ माय अंकल', म्हणजे मामांचं सगळं मी चालवून घेतलं. एक 'विथ' आला आणि पाहुणचाराचा जाच झाला.

(जुन्या छापील पानांवरून कॅमेरा सरकतो.)

'पुट' म्हणजे ठेवणं, 'अप' म्हणजे वर, 'विथ' म्हणजे बरोबर. तिघांची बेरीज 'सहन करणं' कशी होते? मुलं हे विचारतात तेव्हा 'पाठ करा' एवढंच सांगणं मला कधी पटलं नाही. या शब्दाला त्याची गोष्ट आहे.

'पुट अप'चा एक जुना अर्थ होता, आत ठेवून देणं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात येशू पीटरला सांगतो, 'पुट अप दाय स्वोर्ड', तुझी तलवार म्यानात घाल. तलवार जशी म्यानात, तसा अपमानही आत ठेवायचा, उलट वार करायचा नाही. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'त रॉडरिगो म्हणतो, मूर्खासारखं जे आजवर सोसलं, ते यापुढे मी मुकाट्याने 'पुट अप' करणार नाही. तिथे 'विथ' अजून नाही. तो पुढे चिकटला आणि कायमचा राहिला.

मराठी माणसाला हे समजायला कोश उघडावा लागत नाही. तलवार म्यान करणं आपल्याकडेही आहे. अपमान आपण गिळतो, अपराध पोटात घालतो, चूक पदरात घेतो. त्रासाची गोष्ट बाहेर न सांडता आत ठेवायची, ही कल्पना दोन्ही भाषांना सुचली.

१७५५ साली सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. ४२,००० हून अधिक शब्द. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी लिहून ठेवलं आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची रीत परदेशी माणसाला सगळ्यात जड जाते. ते वाचलं तेव्हा मला माझा अख्खा वर्ग आठवला. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव मात्र बरंच नंतरचं, १९२५ साली लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते आपल्या पुस्तकात वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं नमूद केलं.

(फळ्यावर आता शब्द उमटतात: टॉलरेट, बेअर, सफर, एन्ड्युअर, स्टँड, स्टमक.)

समानार्थी शब्द विचारले की मुलं पहिला 'टॉलरेट' सांगतात. बरोबर आहे, पण तो कागदावरचा शब्द. सरकारी धोरणात, नियमावलीत शोभणारा. शेजारच्या घरातल्या टीव्हीच्या आवाजाबद्दल बोलताना इंग्रज माणूस 'पुट अप विथ'च म्हणेल. 'स्टँड' आणि 'बेअर' याच अर्थाने बहुतेक नकारातच येतात: 'आय कान्ट स्टँड इट', मला ते मुळीच सहन होत नाही. 'स्टमक' तर थेट पोट, आपल्या 'पचनी पडत नाही'चा सख्खा भाऊ.

या शब्दांची मुळं पाहिली की मला फार आनंद होतो. 'बेअर' म्हणजे मुळात वाहून नेणं. त्याचं आणि आपल्या 'भार' शब्दाचं मूळ एकच. 'सफर'मधला लॅटिन धातूही त्याच कुळातला: खाली राहून ओझं वाहणं. 'टॉलरेट'चं मूळ उचलण्याच्या अर्थाचं आणि आपली 'तुला', वजनाची तुला, त्याच मुळाची. तिन्ही शब्दांत कुणाच्या तरी खांद्यावर ओझं आहे. 'एन्ड्युअर' वेगळा: त्याच्या मुळाशी आहे कठीण होणं, टणक होणं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो, तेव्हा डोळ्यांपुढे येणारा दगड हाच.

(स्वयंपाकघर. ओट्यापाशी पाठमोरी बाई. कपात चहा ओतला जातो.)

आता मराठीकडे. 'मदर पुट्स अप विथ ग्रँडमदर.' हे वाक्य मी वर्गात देते आणि भाषांतर करा म्हणते. दहा वह्यांत चार वेगळी वाक्यं येतात. आई आजीचं सगळं सोसते. आई आजीला सहन करते. आई आजीचं खपवून घेते. आई आजीला सांभाळून घेते. इंग्रजी वाक्य एकच, पण मराठीत ही चार घरं झाली.

'सोसते' म्हटलं की आजी वरचढ आणि आई खाली. 'खपवून घेते' म्हटलं की पारडं फिरलं, आईच्या हातात सत्ता आली. ती मनात आणेल तर थांबवू शकते, पण थांबवत नाही. म्हणूनच शाळेच्या सूचनाफलकावर 'बेशिस्त खपवून घेतली जाणार नाही' असतं. तिथे 'सोसली जाणार नाही' लिहून पाहा, मुख्याध्यापकच बिचारे वाटतील. सून सोसते, साहेब खपवून घेतो. चहात साखर कमी पडली तर पाहुण्याला म्हणतो, आज चालवून घ्या; तिथे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. मराठीत क्रियापद निवडलं की कोण कुणाच्या पायाशी आहे ते सांगून झालेलं असतं. 'पुट अप विथ' ते सांगत नाही. मालक नोकराबद्दल तेच म्हणतो, नोकर मालकाबद्दलही तेच. एवढंच कळतं की समोरचं नकोसं आहे. आवडत्या गोष्टीला कुणी 'पुट अप विथ' करत नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: या शब्दापुढे 'सहन करणे' एवढाच अर्थ लिहून देणारी वही अर्धीच भरलेली असते. आधी विचारायचं, कोण कुणाचं? मग मराठी क्रियापद शोधायचं.

(पुन्हा वर्ग. संध्याकाळ. फळा पुसला जातो.)

त्या मुलाने अर्जातलं वाक्य दुरुस्त केलं: 'आय ॲम स्टेइंग विथ माय अंकल.' मग जागेवर न जाता तो तिथेच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, खरं सांगायचं तर मामींनी मला सांभाळून घेतलं. रात्री उशिरा यायचो, भांडी तशीच टाकायचो, त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत. हे इंग्रजीत कसं लिहू?"

उरलेला तास आम्ही सगळे त्याच वाक्यावर बसलो. कुणी म्हणालं, 'शी पुट मी अप'. व्याकरण बरोबर, पण त्यात नुसतं छप्पर आलं. दुसरी म्हणाली, 'शी पुट अप विथ मी'. त्यात मामींचा वैताग आला, आणि त्यांनी तर तो कधी दाखवलाच नव्हता. 'लुक्ड आफ्टर'मध्ये माया आली, पण न धुतलेली भांडी राहून गेली. शेवटी त्यानेच खडू घेतला आणि एकाऐवजी दोन वाक्यं लिहिली.

(फळ्यावर, जवळून: 'शी गेव्ह मी अ होम. शी नेव्हर वन्स कम्प्लेन्ड.')