तास फसला, असं कुणाला सांगायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री मला अजूनही धड झोप लागत नाही. बावीस वर्षं शिकवतेय, तरीही. डोळा लागलाच तर एकच स्वप्न पडतं. हातात हजेरीपट आहे, वर्ग गच्च भरलाय, आणि पटावरचं एकही नाव मला वाचता येत नाही. कित्येक वर्षं हे मी कुणापाशी बोलले नव्हते. बाईंनी असलं काही बोलायचं नसतं, असंच वाटायचं. मग एकदा स्टाफरूममध्ये सहज तोंडून निघून गेलं. शेजारी गणिताचे सर पेपर तपासत होते. निवृत्तीला आलेले, सगळी शाळा ज्यांना वचकून असते असे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "मला तर वर्गच सापडत नाही हो. घंटा होऊन गेलेली असते आणि मी मजले चढत असतो."

तेव्हापासून आम्हा दोघांचं बोलणं बदललं. आज मला त्याच बोलण्याविषयी सांगायचंय.

दिवसभर पोरांच्या गराड्यात असलेला माणूस एकटा कसा, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या कामाची गंमत अशी की वर्गाचं दार लागलं की आत काय घडतं ते शेजारच्या वर्गातल्या शिक्षकालाही कळत नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये शाळेला अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली होती. प्रत्येक जण आपापल्या कप्प्यात, एकमेकांना धक्का न लागता. मी ती वाचली तेव्हा आमच्या शाळेचा लांबच लांब व्हरांडा आणि त्यावरची बंद दारंच डोळ्यांपुढे आली.

आणि दार उघडलं तरी बोलायला वेळ कुठे असतो? वह्यांचे गठ्ठे, गुणतक्ते, पालकसभा, कुणी रजेवर असलं की बदली तास. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेनं २०१८ मध्ये अनेक देशांतल्या शिक्षकांची पाहणी केली, त्यात आठवड्याच्या कामाच्या वेळेपैकी साधारण निम्माच वेळ प्रत्यक्ष शिकवण्यात जातो असं दिसलं. उरलेला निम्मा लोकांच्या नजरेस पडत नाही, म्हणून "तुमचं बरंय, लवकर सुटता" हे वाक्य आम्हाला लग्नकार्यात हमखास ऐकावं लागतं. ते मला अजून लागतं, हे मी मोकळेपणानं सांगते.

माझं पहिलं वर्ष आठवतं. सुरुवातीचे दिवस उत्साहात गेले. मग कसंबसं तग धरणं सुरू झालं. आणि दोनेक महिन्यांनी एका दुपारी, निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा पुढ्यात असताना, मला वाटलं की आपण या कामाच्या लायकीचेच नाही. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. पुढे फार उशिरा माझ्या वाचनात आलं की एलन मोईर या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९९० मध्येच नव्या शिक्षकांच्या वर्षाचे टप्पे नोंदवून ठेवले होते. आधी उत्सुकता, मग तग धरणं, आणि सहा ते आठ आठवड्यांनी मन खचणं. त्यानंतर हळूहळू उभारी, आणि शेवटी मागे वळून पाहणं. म्हणजे माझी ती दुपार जगात असंख्य शिक्षकांच्या वाट्याला आली होती. मला तेव्हा कुणी एवढं सांगितलं असतं तर!

सांगितलं नाही, पण एका ज्येष्ठ बाईंनी दुसरं काहीतरी केलं. माझ्या समोर बसल्या, गठ्ठ्यातल्या अर्ध्या वह्या स्वतःकडे ओढल्या आणि तपासायला लागल्या. तपासता तपासता म्हणाल्या, "आज सातवीत एका मुलानं मला उलट उत्तर दिलं. मी काहीच बोलू शकले नाही. अजून हात थरथरतोय बघ." त्या काही जुन्या दिवसांची आठवण सांगत नव्हत्या. ते त्याच दिवशी, त्यांच्या नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी घडलं होतं. मी राजीनामा कधी फाडला ते आठवत नाही, पण त्यांचा तो हात आठवतो.

बोलण्यातून नुसतं मनच हलकं होतं असंही नाही. विज्ञानाच्या बाईंनी एकदा मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंच्या संशोधनाची गोष्ट सांगितली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले, तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही लांब, विचारपूर्वक येतात. मी दुसऱ्याच दिवशी करून पाहिलं. प्रश्न विचारला आणि मनात मोजलं, एक... दोन... तीन सेकंदांची शांतता वर्गात फार मोठी असते हो. जीभ सळसळते, उत्तर आपणच सांगून टाकावंसं वाटतं. चौथ्या दिवशी शेवटच्या बाकावरची एक मुलगी, जिचा आवाज मी वर्षभरात फक्त हजेरीला ऐकला होता, म्हणाली, "बाई, पण तो परत का गेला असेल?" धड्यातला तो प्रश्न मलाही कधी पडला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या थकव्याची, म्हणजे 'बर्नआउट'ची, रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात नोंद केली. आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या जागेशी जोडलेली अवस्था म्हणून. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. थकलेल्या शिक्षकाला आपण "मन घट्ट करा" म्हणतो, पण त्याचं वेळापत्रक मात्र कुणी पाहत नाही.

यंदा आम्ही पाच जण शुक्रवारी शाळा सुटल्यावर वीस मिनिटं थांबतो. प्रत्येकानं आठवड्यात न जमलेली एक गोष्ट सांगायची, आणि विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, एवढंच ठरलंय. यंदाच लागलेली एक तरुण शिक्षिका पहिले काही शुक्रवार नुसती ऐकत होती. गेल्या शुक्रवारी ती खाली बघत म्हणाली, "माझा आज अख्खा तास फसला."

गणिताच्या सरांनी चष्मा काढला, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि विचारलं, "कुठला धडा होता?"