गॅलाशील्सचे मास्तर आणि मिटलेला समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण स्कॉटलंडमध्ये मॉफट नावाचं गाव आहे. भोवती हिरवे डोंगर, मेंढ्या, आणि त्या डोंगरांत खोल समुद्राच्या तळाचा चिखल. दगड झालेला, पण खोल समुद्राचाच. तो डोंगरावर कसा चढला? सांगतो. आधी एका मास्तरांची गोष्ट.

चार्ल्स लॅपवर्थ. 1864 साली ते दक्षिण स्कॉटलंडमधल्याच गॅलाशील्स गावच्या शाळेत शिकवायला आले. भूविज्ञानाचं रीतसर शिक्षण नाही. सुट्टी लागली की हातोडी घेऊन डोंगरात. मॉफटजवळच्या डॉब्ज लिन या घळीत काळा शेल आहे, म्हणजे चिखलाचा झालेला पापुद्र्यांचा दगड. त्याचा पापुद्रा उचकटला की आत बारीक, रुपेरी, दातेरी रेघा दिसतात. हे ग्रॅप्टोलाइट, समुद्रात तरंगणाऱ्या इवल्या प्राण्यांच्या वसाहती.

तेव्हा सरकारी सर्वेक्षणाचं म्हणणं होतं की इथे काळ्या शेलचे बरेच वेगवेगळे थर आहेत, एकावर एक, हजारो फुटांच्या खडकात. मास्तरांनी पापुद्रा न् पापुद्रा तपासला. कुठल्या पट्ट्यात कुठला ग्रॅप्टोलाइट, सगळं टिपलं. क्रम लागला. पलीकडच्या ओढ्यात गेले, तोच क्रम. आणखी पुढे, तोच क्रम. कुठे उलटा, पण तोच! नऊवारीच्या निऱ्यांत एकच काठ पुन्हा पुन्हा दिसतो ना, तसा एकच थर घड्या पडून वर येत होता. 1878 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जुना हिशेब मोडला.

शिक्षकाला असा मोकळा वेळ मिळायलाच हवा. आपल्याकडे त्याला मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते भरायला बसवतात, हे मला अजिबात पटत नाही.

असो. घड्या पाडल्या कुणी? काळा शेल शंभरेक मीटरच, पण तो साचायला दोन कोटींहून जास्त वर्षं लागली. इतका तो तळ किनाऱ्यापासून दूर, शांत. त्याच्यावर मात्र जाड ग्रेवॅक, म्हणजे उतारावरून घसरत आलेली वाळू. पुन्हा सांगतो: खाली शांत चिखल, वर किनाऱ्याकडची वाळू. समुद्रतळ सरकत सरकत खंडाजवळ आला होता. तळ खंडाखाली गेला, वरचा गाळ कापाकापाने खरवडला गेला, आणि सुमारे 42 कोटी वर्षांपूर्वी मधला आयापेटस नावाचा समुद्र मिटून स्कॉटलंड आणि इंग्लंड एकमेकांना भिडले.

बहुतेक अभ्यासक असंच मानतात, कारण प्रत्येक कापात वायव्येकडे जावं तसे थर नवे होतात, पण काप मात्र आग्नेयेकडे नवे होत जातात. नवा काप दरवेळी जुन्याच्या खाली सरकला, असं धरलं की हे जुळतं.