आधी सातबारा बघा

संयोजकांनी विषय दिलाय: 'एकच कोड, अनेक प्लॅटफॉर्म: मुक्तस्रोत पर्याय कसा निवडावा?' निवडीकडे येतोच. पण आधी क्यूटीची गोष्ट. क्यूटी म्हणजे ॲपचे पडदे-बटणं बनवायचं साधन: कोड एकदा लिहा, अनेक प्रणालींवर चालवा. ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही, हे पहिल्या रांगेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना ठाऊक आहे. बघा, आत्ताच घड्याळाकडे बघताहेत.

जमीन घेताना आपण आधी सातबारा बघतो. सॉफ्टवेअर निवडताना मात्र डेमोतलं ॲनिमेशन बघून माना डोलावतो. मालक कोण, बोजा काय, कुणी विचारत नाही. क्यूटीच्या बाबतीत हे लोकांनी विचारलं, म्हणून ती गोष्ट मला प्यारी.

नॉर्वेतल्या ट्रोलटेकने १९९५ साली क्यूटी बाहेर आणली. पुढच्याच वर्षी जर्मनीत मॅथियास एट्रिशने तिच्यावर केडीई हा लिनक्ससाठीचा (विंडोजसारखी, पण मुक्त प्रणाली) डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेनूंचा सगळा पडदा, उभारायला घेतला. दिसायला झकास. पण लायसन्स? कोड वाचा, फुकट वापरा; सुधारून वाटायचा मात्र नाही. मग काय, जुंपली! १९९७ मध्ये मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकन जोडीने सरळ दुसरा डेस्कटॉप सुरू केला, नोम. लिनक्सवर आज हे दोन मोठे संसार आहेत, त्याच्या मुळाशी लायसन्सचं भांडण आहे. (आपल्याकडे मंडळं फुटतात ती अध्यक्षपदावरून. हे निदान तत्त्वावरून फुटले.)

खरी मजा पुढे आहे. १९९८ मध्ये ट्रोलटेक आणि केडीईवाल्यांनी मिळून एक फाउंडेशन काढलं आणि करार केला. कंपनीने बारा महिने मुक्त आवृत्ती काढलीच नाही, तर फाउंडेशनने क्यूटी बीएसडी पद्धतीच्या, म्हणजे जवळजवळ विनाअट, लायसन्सखाली खुली करून टाकायची. कंपनी विकली गेली, बुडाली, तरी करार लागू. २००० मध्ये लिनक्सवरची क्यूटी जीपीएलखाली आली (सुधारा, वाटा, पण वाटाल तेव्हा कोडही द्या). २००८ मध्ये नोकियाने कंपनी घेतली, २०११ मध्ये नोकियाच विंडोज फोनच्या मागे गेली, २०१२ मध्ये क्यूटी डिजिया या फिनलंडच्या कंपनीकडे. धनी बदलत गेले, कलम राहिलं. २०२० मध्ये दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या फक्त पैसे भरणाऱ्यांना द्यायचं ठरलं, तेव्हा आरडाओरडा झाला. पण कंपनीशी वाटाघाटीतही केडीईवाले रिकाम्या हाताने बसले नव्हते, ते कलम हाताशी होतं.

उलट मायक्रोसॉफ्टचं झामरिन बघा, मोबाइल ॲपसाठीचं असंच साधन. कोड मुक्त, पण हाकणारा एकच. १ मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने आधार काढला आणि म्हणाली, नव्या घरी, डॉटनेट माउईकडे, चला. वापरणारे आले निमूटपणे!

दुसरं माझं दुखणं म्हणजे देवनागरी. एका ग्राहकाचं ॲप पडद्यावर सुरेख होतं. पावतीची पीडीएफ छापली, तर 'पिंपरी'ची वेलांटी प ओलांडून उजवीकडे गेलेली आणि 'कऱ्हाड'मधल्या ऱ चा पाय मोडलेला, शेजारी सुटा ह. पीडीएफ बनवणाऱ्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) अक्षरजोडणीच नव्हती. इंग्रजीत चाचणी केली तर हे जन्मात कळणार नाही. म्हणून पहिल्याच दिवशी 'कऱ्हाड' टाइप करा: पडद्यावर, शोधपट्टीत, छपाईत. मग बॅकस्पेस दाबून कर्सर कुठे जातो तेही बघा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. म्हणजे ज्यासाठी बोलावलं ते, एकेक पर्याय, आता पळत पळत.

इलेक्ट्रॉन: प्रत्येक ॲपबरोबर अख्खं क्रोमियम, म्हणजे गूगल क्रोमचा मुक्त गाभा. जड, पण सगळीकडे सारखं दिसतं, आणि क्रोमियममुळे देवनागरी पक्की. टाउरी: प्रणालीचाच वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेबपान दाखवणारा भाग) वापरते म्हणून हलकी, पण विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर तो वेगळा, तपासणी तिप्पट. रिॲक्ट नेटिव्ह: मूळ प्रणालीची बटणं मिळतात, लायसन्समधल्या पेटंटच्या कलमावरून २०१७ मध्ये तिच्या मुळाशी असलेल्या रिॲक्टवर वादळ उठलं आणि फेसबुकने बीएसडीसारखंच मोकळं एमआयटी लायसन्स दिलं, तेव्हा तो प्रश्न मिटला. डब्ल्यूएक्सविजेट्स: १९९२ पासून आहे, कुणी मिरवत नाही, चालतंय. कारखान्यातल्या यंत्राचा पडदा असेल तर क्यूटीच. फक्त एलजीपीएलच्या (जीपीएलचा सौम्य भाऊ) अटी वकिलाकडून वाचून घ्या, विशेषतः स्टॅटिक लिंकिंग, म्हणजे क्यूटीचा कोड आपल्याच ॲपच्या फाइलमध्ये मिसळणं, करणार असाल तर.

छोटी टीम असेल, मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्ही हवं असेल, तर मी आज फ्लटर घेईन. हाकणारा तिथेही एकच, गूगल. पण लायसन्स बीएसडी आहे, उद्या त्यांनी हात वर केले तरी कोड उचलून पुढे नेता येईल. पावत्या मात्र सर्व्हरवर क्रोमियमकडूनच छापून घेईन. बाकीचं प्रश्नोत्तरांत विचारा, अध्यक्ष उठलेत.