नोकरीसाठी म्हातारा झालेला हिरो: १९३३ची एक भन्नाट चेक कॉमेडी

नमस्कार मंडळी! आज चेकोस्लोव्हाकियात जाऊया, सन १९३३. पिक्चरचं नाव 'झिवोत ये पेस', म्हणजे आपलं 'कुत्र्याचं जिणं' म्हणा ना. डायरेक्टर मार्टिन फ्रिच. लेबल काय, तर रोमँटिक कॉमेडी, तरुण पोरगा, तरुण पोरगी वगैरे. पण मला विचाराल तर ही लव्ह स्टोरी कमी आणि नोकरीची स्टोरी जास्त आहे.

ऐका. व्हिक्टर होन्झल नावाचा संगीतकार, वय कोवळं, चाली सुचतायत पण काम नाही, पैसे नाहीत. याचं प्रेम बसतं एव्हावर, आणि एव्हाचा बाप कोण, तर म्युझिक पब्लिशर दुर्दिस. आता अशा कडक्या पोराला कोण उभं करणार? मग हा पठ्ठ्या मेकअप चढवून आल्फ्रेड रोकोस नावाचा वयस्कर प्रोफेसर बनतो आणि त्याच पब्लिशरकडे काम पटकावतो. झालं, बनवाबनवी सुरू! म्हातारा म्हणून मान मिळतोय, तरुण म्हणून प्रेम करायचंय, आणि दोघं एका खोलीत एकत्र काही येऊ शकत नाहीत, कारण दोघं एकच आहेत.

आपल्याला हे पाहिल्यासारखं वाटतं, मान्य. पण साल बघा. जागतिक मंदी चालू आहे आणि १९३३च्या सुरुवातीला चेकोस्लोव्हाकियात नोंदलेले बेकारच नऊ लाखांच्या वर गेलेत, म्हणजे थिएटरात तिकीट काढून बसलेल्यांपैकी कितीतरी जण स्वतः होन्झलच्याच अवस्थेत असणार. प्रेमाच्या आड इथे खानदान येत नाही, जात-धर्म येत नाही, पगार येतो. आणि त्यातला खवचटपणा असा की तरुण माणसाला दार बंद आणि तोच माणूस पिकले केस लावून आला की या बसा. हे हसण्यावारी नेलंय म्हणून आपण हसतो, नाहीतर विषय तसा रडायचाच आहे.

आता आवाजाचं सांगतो, कारण तेव्हा बोलपट ही गोष्टच नवीन होती. मूक चित्रपट कुठलाही कुठेही चालायचा, पाट्या बदलल्या की झालं. आवाज आला आणि भाषेचं भांडण सुरू झालं. सप्टेंबर १९३०मध्ये प्रागमध्ये जर्मन बोलपटांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, थिएटरांची मोडतोड झाली, काही काळ जर्मन पिक्चर काढून घ्यावे लागले. लोकांना आपली भाषा पडद्यावर हवी होती, पण भाषा बोलणारे थोडे, खर्च निघायचा कसा? म्हणून एकच कथा चेकमध्ये आणि जर्मनमध्ये अशी दोनदा शूट करायची. याही पिक्चरची जर्मन आवृत्ती १९३४मध्ये आली, डायरेक्टर तोच फ्रिच, नट वेगळे. आपल्याकडे प्रभातने १९३२मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदीत केला, तिथेही हिशोब साधारण हाच होता.

बरं, हिरो कोण? हुगो हास. प्रागच्या नॅशनल थिएटरचा नट, म्हणजे आवाज कमावलेला, आणि बोलपटाला नेमकं तेच पाहिजे होतं. १९३१च्या एका फुटबॉल कॉमेडीतल्या दुकानदाराच्या रोलने तो आधीच फेमस झालेला. आणि या पिक्चरला म्युझिक कुणाचं, तर त्याच्या सख्ख्या भावाचं, पावेल हासचं! ब्रनो शहरातला, नामवंत चेक संगीतकार लेओश यानाचेकचा शिष्य, एकदम सिरियस कंपोझर. म्हणजे पडद्यावर एक भाऊ बेकार संगीतकाराची ॲक्टिंग करतोय आणि मागे खरा संगीतकार भाऊ म्युझिक देतोय. मला हे लय आवडतं.

पुढचं मात्र वाईट आहे. हे ज्यू कुटुंब. १९३९मध्ये जर्मनीने देश गिळला, हुगो निसटून अमेरिकेला गेला, हॉलिवूडमध्ये छोटे रोल, मग कमी बजेटचे पिक्चर स्वतःच डायरेक्ट करत राहिला. पावेल मागे अडकला. त्याला तेरेझिनच्या नाझी कॅम्पमध्ये टाकलं, तिथेही त्याने तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली, आणि १९४४मध्ये नाझींनी 'बघा आम्ही ज्यूंना किती छान ठेवतो' हे दाखवायला जी प्रोपगंडा फिल्म काढली तिच्यात ती रचना वाजते, पावेल वाकून प्रेक्षकांना नमस्कार करताना दिसतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याला आउशविट्झच्या मृत्युछावणीत मारलं. कॉमेडीला म्युझिक देणाऱ्या माणसाला पडद्यावर जागा मिळाली ती अशी.

एव्हाच्या रोलमध्ये आहे आदिना मांडलोवा. आधी फॅशन मॉडेल होती, आणि हा तिचा पहिला मोठा रोल. हास आणि तिचं खऱ्या आयुष्यातही जमलेलं होतं, ते दिसतं असं मी म्हणीन, ॲक्टिंग अजून कच्ची आहे पण डोळ्यांत एक बेफिकिरी आहे जी त्या काळच्या गोडगोड हिरॉइनींत नसायची. पुढे ती चेक सिनेमाची टॉपची स्टार झाली, युद्धानंतर मात्र जर्मनांशी सलगी केल्याच्या आरोपावरून तिला तुरुंगात टाकलं आणि नंतर ती इंग्लंडला निघून गेली.

पिक्चर परफेक्ट आहे का? नाही. संवाद खूप, नाटकाचा वास येतो, काही ठिकाणी कॅमेरा नुसता बसून राहतो. पण हास वेषांतर करतो तेव्हा टायमिंग बघा, तिथे पैसे वसूल.

आणि हे आवडलं तर फ्रिच आणि मांडलोवाचाच १९३९चा 'क्रिस्तियान' शोधा, त्यात ट्रॅव्हल एजन्सीतला साधा क्लार्क महिन्यातून एकदा भारी बारमध्ये श्रीमंत साहेब बनून जातो. म्हणजे इथे नोकरीसाठी सोंग आणि तिथे नोकरीला कंटाळून सोंग. पुढचा व्हिडिओ त्याच्यावरच करतोय.